मोर्चा काढाच, पण जनसुनावणीतून उठू नका

नव्या कोळसा खाणीला विरोध कसा करायचा या चर्चेत कुणीतरी म्हटलं, "मोर्चानं हवा बदलत नाही"; ते अर्धंच पटलं. ताडोबाजवळची लोहारा कोळसा खाण 2009 च्या आंदोलनानंतर रद्द झालीच की! पण नव्या खाणीच्या जनसुनावणीवर (मंजुरीआधी लोकांच्या हरकती ऐकायच्या सरकारी बैठकीवर) बहिष्कार टाकायचा जो सल्ला त्याच चर्चेत आला, तो घातक आहे. केंद्र सरकारच्या 2006 च्या पर्यावरणीय मंजुरीच्या अधिसूचनेत जनसुनावणीला गणसंख्येची, म्हणजे किमान हजेरीची, अटच नाही. मंडप रिकामा असला तरी सुनावणी झाली असंच धरतात.

नोटीस किमान 30 दिवस आधी निघते. तेवढ्यात जिल्हा परिषदेतून खाणीच्या पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा मराठी सारांश मिळवून वाचा. विहिरींची पातळी, नाला वळवणं, कोळशाच्या ट्रकांची धूळ, कपाशीचं नुकसान असे मुद्दे सर्व्हे नंबरासकट लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. नुसत्या घोषणांना कंपनीनं उत्तर द्यायचं तरी काय? नोंदवलेल्या ठोस पर्यावरणीय हरकतींची दखल मात्र अंतिम अहवालात घ्यावी लागते. गाडं अडतं ते शेवटी. भाषणं संपली की लोकं शेवटच्या एसटीसाठी निघून जातात, अन् इतिवृत्त तर त्यानंतरच मराठीत वाचून दाखवतात. आपला मुद्दा त्यात नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांची सही व्हायच्या आत, तिथल्या तिथं हरकत घ्या. चित्रीकरणही होतं, त्यामुळे माईकवर आधी गावाचं नाव सांगा.