घाट चढल्यावर बॉनेटमधून करपट वास: क्लच की ऑइल?

खडखड_गाडी

गाडी 2014 ची, 1.2 लिटर पेट्रोल, मॅन्युअल, 84,000 किमी. तीन आठवड्यांपूर्वी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलला. तेव्हापासून सिग्नलला थांबलं की एसीच्या जाळीतून करपट वास येतो. साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढून वर थांबल्यावर बॉनेटच्या फटीतून बारीक निळसर धूर दिसला. टेम्परेचर नॉर्मल, डॅशबोर्डवर एकही दिवा नाही, पार्किंगमध्ये खाली डाग नाही. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल मॅक्सच्या खुणेच्याही वर दिसतंय. गॅरेजवाला म्हणतो क्लच गेला, अख्खा सेट बदला. खर्चात पडण्याआधी घरी काय तपासता येईल?

गोटीपाना

क्लचला हात लावू नका अजून. क्लचचा वास जळक्या कागदासारखा, घशाला लागणारा असतो, आणि तो हाफ क्लचवर गाडी रेटली की येतो. सपाट रस्त्यावर सिग्नलला उभं राहून येत नाही. इंजिन ऑइलचा वास कढईत तेल करपल्यासारखा. सोबत निळसर धूर म्हणजे ऑइल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर, पडतंय. कूलंट असता तर वास गोडसर, काकवीच्या अंगाने जाणारा आला असता आणि धूर पांढरा दिसला असता.

तरी खात्री करून घ्या. मोकळी, सपाट जागा बघा, समोर कोणी नको. हँडब्रेक पूर्ण ओढा, तिसरा गिअर टाका, थोडा रेस देऊन क्लच हळूहळू सोडा. इंजिन गचकन बंद पडलं तर क्लच पकडतोय. चालूच राहिलं तर घसरतोय. एकदाच करा, फार तर दोनदा; पुन्हापुन्हा केलंत तर चांगला क्लचही तुम्हीच जाळाल.

दुसरी तपासणी फुकटची. वास येत असताना एसीचा खटका आतल्या हवेवर करा. वास कमी झाला तर तो बाहेरून, म्हणजे विंडस्क्रीनखालच्या जाळीतून आत ओढला जातोय. खाली डाग नसणं याच्याशी जुळतं: मॅनिफोल्ड तीनचारशे अंशांच्या वर तापतो, ऑइलचा थेंब जमिनीवर पोचायच्या आधीच जळतो.

तेलकट_हात

ऑइल बदलल्यावर लगेच सुरू झालं, म्हणून आधी त्याच कामात काही चुकलंय का ते बघा. भरताना सांडलेलं ऑइल दोनचार फेऱ्यांत जळून जातं, तीन आठवडे टिकत नाही. जुन्या फिल्टरची रबर रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आणि वर नवा फिल्टर चढवला, तर दोन रिंगांमधून ऑइल झिरपतं. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं, आणि दाब वाढला तर एकदम उपसतं, तेव्हा आजच बघा. फिल्टर रिंग टेकल्यावर हाताने पाऊण फेरा आवळायचा, पान्याने नाही.

मॅक्सच्या वरचं ऑइल काढायलाच हवं. रात्रभर थंड झालेल्या गाडीत, सपाट जागी पुन्हा मोजा. मिन ते मॅक्स यात साधारण एक लिटरचा फरक असतो, त्या हिशेबाने जास्तीचं काढा. डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप घालून सिरिंजने ओढता येतं, ड्रेन प्लग उघडायची गरज नाही.

आता गळती शोधणं. ऑइल खाली ओघळतं आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे पसरतं, म्हणून सगळ्यात ओलं दिसतं तिथे दोष नसतो. सगळ्यात वरचा ओला भाग शोधायचा. थंड इंजिनवर टॅपेट कव्हरची (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाची) कड डीग्रीझर आणि फडक्याने कोरडी करा. पेट्रोल वापरू नका. अल्टरनेटरवर प्लास्टिकची पिशवी बांधा, आणि ती काढायला विसरू नका, नाहीतर उद्या तिच्याच वासाचा नवा धागा काढाल. मग कडेवर अंगाला लावायची पावडर भुरभुरवा, 20 किमी फिरा आणि टॉर्च मारून बघा. गळती असेल तिथे पांढऱ्यात काळी ओली रेघ उमटते. काही गाड्यांत मॅनिफोल्ड फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला असतो, तिथे मोबाइल खाली सोडून व्हिडिओ काढा.

खडखड_गाडी

इंजिन गचकन बंद पडलं, क्लच ठीक. फिल्टरभोवती कोरडं. ऑइल साधारण 300 मिली काढून मॅक्सवर आणलं. पावडरमध्ये टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात, टायमिंग चेनच्या बाजूला, बोटभर काळी रेघ. कव्हरखालचं पॅकिंग बदललं की संपलं का?

गोटीपाना

नाही, आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनमधला वायू बाहेर सोडणारी झडप) बघा. टॅपेट कव्हरवरून इनटेककडे जाणारा पाइप असतो, त्याच्या टोकाला. तो कार्बनने तुंबला की इंजिनमधला वायू बाहेर पडत नाही, दाब वाढतो आणि सगळ्यात कमकुवत जागेतून ऑइल ढकलतो. इंजिन आयडलवर ठेवून व्हॉल्व्ह कव्हरमधून काढा, तोंडावर अंगठा धरा. ओढ जाणवली पाहिजे. इंजिन बंद करून हलवल्यावर आत टकटक वाजलं पाहिजे. यातलं एक जरी नसेल तर नवा टाका, नाहीतर नवं पॅकिंगही पुन्हा गळेल. काही गाड्यांत तो कव्हरमध्येच बसवलेला असतो, तेव्हा कव्हर बदलावं लागतं.

पॅकिंगसोबत स्पार्क प्लगच्या नळ्यांचे सीलही घ्या. इंजिन पूर्ण थंड हवं. इग्निशन कॉइलचे कनेक्टर जपून काढा. दहा वर्षांच्या उष्णतेने त्यांच्या कड्या कुरकुरीत होतात. जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. स्क्रूड्रायव्हरने ॲल्युमिनियमवर चरा पडला की तीच नवी गळती. टायमिंग कव्हर आणि हेड जिथे भेटतात त्या सांध्यावर सिलिकॉनचा मुगाएवढा ठिपका, बस्स. सगळीकडे फासलं तर आतला जास्तीचा भाग सुटून ऑइल पंपाच्या जाळीत जातो.

बोल्ट मधून कडेला, दोन फेऱ्यांत आवळा. असे छोटे 6 मिमीचे बोल्ट साधारण 10 न्यूटन-मीटरवर बसतात. तुमच्या इंजिनचा आकडा मॅन्युअलमधला घ्या. जोर केलात तर हेडमधले आटे येतात, मग काम पॅकिंगचं राहत नाही. सिलिकॉन वाळायला डब्यावर लिहिलेला वेळ द्या.

तेलकट_हात

एक जोड. काम झाल्यावर पहिले 50 ते 100 किमी वास येईलच, मॅनिफोल्डवर आधीचं ऑइल बसलंय. दर फेरीला कमी होत गेला पाहिजे. वाढला, किंवा प्लास्टिक वितळल्यासारखा झाला, तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. धूर जोरात असेल तर बॉनेट सताड उघडू नका, हवा मिळून भडका होतो; सगळे उतरा आणि लांब उभे राहा.