मदत हवी आहे: चाळिशीत लॉ करायचंय, एबीए घेऊ की नुसतं कॅलिफोर्नियापुरतं?

नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

मी बे एरियात राहते, वय ४१, पुण्याचं बीकॉम, गेली सहा वर्षं एका इमिग्रेशन अटर्नीकडे पॅरालीगल आहे. म्हणजे फॉर्म मी भरायचे, पुरावे मी जमवायचे, क्लायंट रडायला लागला की पाणी मी द्यायचं आणि सही मात्र सरांची. आता स्वतःच लॉ करावं असं डोक्यात बसलंय. पण दोन मुलं आणि नोकरी सांभाळून दिवसभर कॉलेजला जाणं शक्य नाही, म्हणून संध्याकाळचं किंवा ऑनलाइन. शोधायला बसले आणि पार गोंधळून गेले.

मला कळलंय ते असं, चुकत असेन तर सांगा. एबीएची (अमेरिकन बार असोसिएशन, वकिलांची देशभराची संघटना) मान्यता असलेल्या स्कूलची जेडी (इथली कायद्याची पदवी) घेतली तर कुठल्याही स्टेटची बार एक्झाम, म्हणजे वकिलीच्या लायसन्सची परीक्षा, देता येते. त्याच्या खाली कॅलिफोर्निया स्टेट बारने (इथल्या वकिलांची लायसन्स सांभाळणारी संस्था) मान्यता दिलेल्या स्कूल्स, आणि त्याच्याही खाली नुसत्या रजिस्टर्ड, म्हणजे मान्यता नाही पण चालवायला परवानगी आहे. ह्या तिसऱ्या प्रकारात पहिल्या वर्षानंतर बेबी बार नावाची परीक्षा द्यावी लागते (काँट्रॅक्ट्स, टॉर्ट्स म्हणजे नुकसानभरपाईचे दावे, क्रिमिनल लॉ, एकाच दिवसात चार निबंध आणि शंभर एमसीक्यू). पात्र झाल्यावर पहिल्या तीन संधींत पास झालं नाही तर नंतर पास होऊनसुद्धा क्रेडिट एकाच वर्षाचं मिळतं, बाकीचा अभ्यास पाण्यात. किम कार्दाशियन २०२१ मध्ये चौथ्या वेळी पास झाली ती हीच परीक्षा. ती तर स्कूललाही गेली नव्हती, वकिलाच्या ऑफिसात शिकायची वाट आहे ना, आठवड्याला १८ तास, वर्षाचे ४८ आठवडे, चार वर्षं. आमच्या सरांना विचारलं तर म्हणाले "मला वेळ नाही गं". विषय संपला.

पैशाचं बोलायचं तर एका एबीए स्कूलच्या पार्टटाइमचा आकडा बघितला, चार वर्षांचे दोन लाख डॉलरच्या वर जातायत. एका ऑनलाइन रजिस्टर्ड स्कूलने सगळं मिळून वीस हजारांच्या आसपास सांगितलं. दहापट फरक! लोनचं बघायला गेले तर ग्रॅड प्लस लोन (पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं सरकारी कर्ज) १ जुलै २०२६ पासून नवीन लोकांना बंद, लॉसाठी फेडरल लोन वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाखापर्यंतच. आणि त्या स्वस्त स्कूलला फेडरल लोन मुळातच नाही, कारण तिच्याकडे डिपार्टमेंट ऑफ एज्युकेशनला चालणारी मान्यताच नाही. म्हणजे महागाला कर्ज, स्वस्ताला रोख.

नवऱ्याच्या कंपनीत टेक्ससला जायचं बोलणं चालू आहे, होईल न होईल. पण झालं तर कॅलिफोर्नियापुरत्या डिग्रीचं मी काय करू?

शिवाय एकदा पोळलेय. इथे आल्यावर एक सर्टिफिकेट कोर्स केला होता, बाईंनी फोनवर "वुई आर फुली ॲक्रेडिटेड" असं तीनदा सांगितलं, कोणाची मान्यता ते मी विचारलंच नाही. स्कूल दोन वर्षांत बंद पडली आणि कम्युनिटी कॉलेजने एकही क्रेडिट घेतलं नाही. त्यामुळे आता कोणी ॲक्रेडिटेड म्हटलं की पोटात गोळा येतो.

तर ह्यातून कोणी गेलंय का, नोकरी करून केलंय का, आणि बीकॉम तीन वर्षांचं असल्यामुळे काही अडतं का?

प्रतिसाद

ताई, मी इथे वकील आहे (इमिग्रेशन नाही, काँट्रॅक्ट्स). तुम्ही प्रश्न उलटा धरलाय असं वाटतं. मान्यता चांगली की वाईट हे नंतर, आधी लायसन्स कुठल्या कामाला लागणार ते ठरवा. इमिग्रेशन फेडरल कायदा आहे. कुठल्याही एका स्टेटचं लायसन्स चालू असलं की यूएससीआयएस (व्हिसा, ग्रीन कार्डचे अर्ज बघणारं सरकारी खातं) आणि इमिग्रेशन कोर्टासमोर देशभर कुठेही उभं राहता येतं. उद्या टेक्ससला गेलात तरी कॅलिफोर्नियाच्या लायसन्सवर तेवढं काम करता येईल, फक्त तिथल्या स्टेटच्या कायद्याला हात लावायचा नाही, म्हणजे क्लायंट म्हणाला "जाता जाता माझा घटस्फोट पण बघा" तर नाही म्हणायचं. बोर्डावर, कार्डावर कॅलिफोर्निया लायसन्स स्पष्ट लिहायचं. पण पुढेमागे दुसरं काही करावंसं वाटलं, किंवा मोठ्या फर्ममध्ये जायचं असलं, तर एबीए नसल्याचं आयुष्यभर जाणवेल. इंडियानाने २०२४ मध्ये एबीए नसलेल्यांसाठी दार थोडं किलकिलं केलंय, बहुतेक स्टेट्स अजून एबीएच मागतात.

आणि स्कूलवाले "बहुतेक सगळे पास होतात" म्हणाले तर त्यावर विश्वास ठेवू नका. एबीए स्कूलच्या साइटवर ५०९ डिस्क्लोजर (एबीएच्या नियमाने जाहीर करावी लागणारी आकडेवारी) असतं, कॅलिफोर्नियाच्या बाकी स्कूल्सनाही बार पास रेट आणि गळती जाहीर करावी लागते, ते उघडून बघा. एबीएची अट आहे की पदवीनंतर दोन वर्षांत बार देणाऱ्यांपैकी ७५ टक्के पास व्हायला हवेत, कॅलिफोर्निया मान्यतेला पाच वर्षांचा मिळून ४० टक्के पुरतो. ह्या दोन आकड्यांतच फीमधला बराचसा फरक आला.

प्रतिसाद

मी रजिस्टर्ड ऑनलाइन स्कूल केलं, बेबी बारला दोनदा आपटलो, मग सोडलं. अभ्यास अवघड होता असं नाही, एकटं पडायला होतं. वर्षाला ८६४ तास भरायचे (वर लिहिलेल्या १८ गुणिले ४८ इतकेच येतात, गंमत बघा), ऑफिसवरून आल्यावर रात्री दहाला टॉर्ट्स उघडायचं आणि निबंध लिहिला की तपासणारा तीन आठवड्यांनी "गुड इश्यू स्पॉटिंग" एवढंच लिहिणार. फी कमी होती हे खरं, पण नंतर बेबी बारचा वेगळा क्लास, ट्यूटर, परीक्षेची फी दोन वेळा. स्वस्त म्हणून घेतलेलं घोडं चारा जास्त खातं. कॅलिफोर्निया मान्यता असलेलं स्कूल घ्या, तुमचं बीकॉम आहे म्हणजे तिथे बेबी बारच नाही. थोडे पैसे जास्त जातील.

प्रतिसाद

लॉ स्कूललाच का जायचंय? इमिग्रेशनच करायचं असेल तर डीओजे (फेडरल न्याय खातं) ॲक्रेडिटेड रिप्रेझेंटेटिव्ह हा प्रकार बघितलात का? मान्यताप्राप्त नॉनप्रॉफिटमध्ये काम करायचं, ट्रेनिंग आणि अनुभव दाखवायचा, संस्था तुमच्यासाठी अर्ज करते. पार्शल मिळालं तर यूएससीआयएसपुढच्या केसेस, फुल मिळालं तर इमिग्रेशन कोर्टसुद्धा. जेडी नको, बार नको. पगार नॉनप्रॉफिटचा आणि स्वतःचं ऑफिस थाटता येत नाही, पण सही तुमची!

प्रतिसाद

एबीए आणि पूर्ण ऑनलाइन दोन्ही हवं असेल तर सॅन अँटोनिओच्या सेंट मेरीज युनिव्हर्सिटीने २०२२ मध्ये तसं जेडी सुरू केलंय. तेही टेक्ससमध्ये, हा हा. आणि एबीए म्हणजे दगडावरची रेघ नाही हो, आपल्या इथलीच गोल्डन गेट युनिव्हर्सिटी, संध्याकाळी शिकणाऱ्यांचं हक्काचं ठिकाण, २०२४ मध्ये जेडी बंद केली त्यांनी. स्कूलची तब्येत पण बघा.

धागाकर्ती

बापरे, एवढे प्रतिसाद. सगळ्यांना थँक्यू.

पहिल्या दादांचं वाचून दोन मिनिटं नुसती बसून राहिले. सहा वर्षं ह्याच ऑफिसात आहे, आमच्या सरांचे क्लायंट ओहायोपासून जॉर्जियापर्यंत आहेत आणि ते स्वतः फक्त कॅलिफोर्नियाचे मेंबर आहेत, हे रोज डोळ्यांसमोर असून डोक्यात आलं नाही. टेक्ससची भीती निम्मी गेली. दोनदा आपटलेल्या दादांनी मनापासून लिहिलंय, रजिस्टर्डवाल्यावर काट मारली, नवऱ्यालाही सांगितलं.

डीओजेचं मला खरंच माहीत नव्हतं. इथल्या एका नॉनप्रॉफिटमध्ये मी शनिवारी फॉर्म भरायला जाते, त्यांच्याकडे मान्यता आहे का सोमवारी विचारते. ते जमलं तर लॉ स्कूल वर्षभर पुढे ढकलीन, तोवर मोठी हायस्कूलला जाईल.

बीकॉम तीन वर्षांचं असल्यामुळे अडतं का ते मात्र कोणीच सांगितलं नाही! मी जेवढं वाचलं त्यावरून कॅलिफोर्नियाला कॉलेजची दोन वर्षं, म्हणजे ६० युनिट पुरतात, त्यामुळे तिथे अडू नये. पण एबीएला जायचं झालं तर मार्कशीट्स एलएसएसीकडे (लॉ स्कूलच्या ॲडमिशनचे कागद गोळा करणारी संस्था) जाणार, आणि तीन वर्षांची डिग्री पूर्ण बॅचलर धरायची की नाही ह्यावर इव्हॅल्युएशनवाल्यांचं एकमत नसतं. भारतातली तीन वर्षांची डिग्री दाखवून एबीए जेडीला ॲडमिशन मिळालेलं कोणी आहे का इथे? इव्हॅल्युएशन कोणाकडून केलंत आणि पहिल्याच फटक्यात मान्य झालं का?