करार संपलेला खेळाडू गेला, तर जुन्या संघाला भरपाई कशासाठी?

दादरकर: आयपीएलच्या लिलावाची सवय असल्यामुळे मला एक कळत नाही. अमेरिकन बेसबॉलमध्ये करार संपलेला खेळाडू स्वखुशीने दुसरीकडे गेला, तर जुन्या संघाला ड्राफ्टमधली (संघांनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या प्रक्रियेतली) जादा निवड का मिळते?

गिरगावकर: सरसकट मिळत नाही. सर्वाधिक मानधनाच्या 125 खेळाडूंच्या सरासरीइतका, एका वर्षाचा प्रस्ताव संघाला आधी द्यावा लागतो (2024 च्या अखेरीस ही रक्कम 2 कोटी 10 लाख 50 हजार डॉलर होती) आणि तो नाकारून खेळाडू गेला, तरच भरपाई मिळते. एकाच खेळाडूला असा प्रस्ताव दुसऱ्यांदा देता येत नाही.

मुलुंडकर: खरा फटका अशा खेळाडूला घेणाऱ्या संघाला बसतो; त्याच्या ड्राफ्टमधल्या निवडी जातात. 2023 मध्ये जपानी स्टार खेळाडू ओहतानीशी 10 वर्षांचा, 70 कोटी डॉलरचा करार करणाऱ्या लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघानेही निवडी गमावल्या. अर्थात, त्यांना त्याचे काय! मध्यम दर्जाच्या खेळाडूला मात्र याच अटीपायी गिऱ्हाईक मिळणे कठीण होते.