मदत हवी आहे: वणव्यानंतरचा ओढा आणि पावसाचा घोळ

मंडळी, मेलबर्नला मास्टर्स करतेय आणि प्रोजेक्टमध्ये अडकलेय. विषय आहे मरूंडा धरणाच्या पाणलोटातलं माउंटन ॲशचं जंगल. झाड निलगिरीच्याच कुळातलं, पण मोठ्या वणव्यात मरतंच. पुढची पिढी राखेत पडलेल्या बियांतून येते. आधी ओढे फुगतात, पाणी प्यायला झाडंच नसतात ना! मग कोवळं रान असं दाट माजतं (परवा आत शिरले तर पाठीवरची सॅक दर दोन पावलांना अडकत होती) की १९३९च्या वणव्यानंतर पंचवीस-तीस वर्षांत प्रवाह जवळपास निम्म्यावर आला. पूर्ववत व्हायला शंभरावर वर्षं. वणव्यानंतर प्रवाह कसा घटतो नि सावरतो हे दाखवणारा, जलविज्ञानातला कुझेराचा आलेख तो हाच.

माझा घोळ २००९च्या वणव्याचा. त्याआधी दशकभर दुष्काळ, मागोमाग २०१०-११मध्ये ला निनाचा धो धो पाऊस. मग ओढ्याला वाढलेलं पाणी झाडं गेल्यामुळे की पावसामुळे, हे वेगळं कसं काढू? आगीआधीच्या वर्षांवर पाऊस-प्रवाहाचं समीकरण बसवलं, पण ती वर्षंच दुष्काळी, मग भरपूर पावसाच्या वर्षांना ते लागू पडेल याची खात्री नाही. शेजारचं न जळलेलं पाणलोट तुलनेला घ्यावं, तर मला मिळालेल्या नोंदी मध्येच तुटतात.

जलविज्ञानातलं कुणी आहे का इथे? समीकरणासाठी दुष्काळाआधीचीच वर्षं घेतली तर चालेल?