बेसबॉलमधील सर्वश्रेष्ठ रिलीफ पिचर: रिव्हेरानंतरचा क्रम कसा लावावा?

नववी_इनिंग

बेसबॉलच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ रिलीफ पिचरांची (सामना सुरू करणाऱ्या पिचरच्या जागी मधेच चेंडू टाकायला येणाऱ्यांची) क्रमवारी लावायला घेतली आणि पहिले नाव लिहून झाल्यावर लगेच अडलो. पहिल्या क्रमांकाविषयी वाद नसावा. मारियानो रिव्हेराच्या नावावर ६५२ सेव्ह (आघाडी टिकवून संपवलेले सामने) आहेत, १९९५ ते २०१३ या काळात तो यँकीजखेरीज अन्य कोणत्याही संघाकडून खेळला नाही, आणि २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमच्या (महान खेळाडूंच्या सन्मानयादीच्या) मतदानात एकही मत न गमावता निवडला गेलेला तो पहिला खेळाडू ठरला.

खरी अडचण दुसऱ्या क्रमांकापासून सुरू होते. केवळ सेव्ह मोजले तर ट्रेव्हर हॉफमन (६०१) दुसरा येतो आणि ली स्मिथही (४७८) फार मागे नसतो. परंतु या हिशेबात हॉइट विल्हेल्म फार खाली फेकला जातो, आणि हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला रिलीव्हर तर तोच होता. डेनिस एकर्सलीचे काय करावे हेही उमगत नाही, कारण त्याची निम्मी कारकीर्द स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) म्हणून गेली. बिली वॅग्नरचे आकडे पाहून डोळे दिपतात, पण त्याने संपूर्ण कारकिर्दीत जेमतेम ९०३ इनिंग (सामन्यातले डाव; एका सामन्यात सहसा नऊ) टाकल्या. इतक्या वेगवेगळ्या प्रकारचे काम केलेल्या माणसांना एका रांगेत उभे करताना आपण कोणता निकष प्रथम धराल, आणि त्या निकषावर दुसरा क्रमांक कोणाला द्याल?

आकडेबहाद्दर

सर्वप्रथम सेव्ह हा निकष बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जेरोम होल्ट्झमन या क्रीडापत्रकाराने मांडलेली ही कल्पना १९६९ मध्ये अधिकृत आकडेवारीत आली, तेव्हा हेतू चांगलाच होता: सामना राखून देणाऱ्या पिचरच्या कामाची कुठेतरी नोंद व्हावी. परंतु नियम असा आहे की तीन धावांची आघाडी हातात असताना नवव्या इनिंगमध्ये येऊन दोन धावा दिल्या तरी सेव्ह मिळतो, आणि सातव्या इनिंगमध्ये बरोबरीच्या अवस्थेत, तीनही बेस भरलेले (प्रत्येकावर विरोधी धावपटू) असताना येऊन एकही धाव न देणाऱ्याला तो मिळत नाही. यांतले अवघड काम कोणते, हे सांगायला नको.

पुढे तर उलटेच झाले. पिचरचा वापर पाहून आकडा ठरण्याऐवजी आकडा पाहून पिचरचा वापर ठरू लागला. २०१६ च्या अमेरिकन लीग वाइल्ड कार्ड सामन्यात (जो हरला तो बाद) बाल्टिमोरकडे झॅक ब्रिटन होता. त्या हंगामात त्याला सेव्हच्या ४७ संधी मिळाल्या होत्या आणि त्याने सर्वच्या सर्व साधल्या होत्या; त्याचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर पडलेल्या धावांची सरासरी, ०.५४ होता. सामना टोरांटोत होता आणि २-२ अशी बरोबरी होती. पाहुण्या संघाला आघाडी मिळाल्याशिवाय सेव्हची संधी निर्माण होत नाही, म्हणून ब्रिटन बुलपेनमध्येच (रिलीव्हर तयारी करत थांबतात त्या जागीच) राहिला, आणि अकराव्या इनिंगमध्ये उबाल्डो हिमेनेझच्या चेंडूवर एडविन एन्कार्नासियनने होम रन मारून बाल्टिमोरचा हंगाम संपवला. ज्या आकड्यापायी असे निर्णय घेतले जातात, त्यावर इतिहासाची क्रमवारी उभी करू नये.

मी ईआरए प्लस आणि एकूण इनिंग यांची जोडी वापरतो. ईआरए प्लसमध्ये त्या काळातील धावांचे प्रमाण आणि मैदानाचा परिणाम विचारात घेतलेला असतो; शंभर म्हणजे सर्वसाधारण पिचर. रिव्हेराचा आकडा २०५ आहे आणि तो सुमारे १,२८४ इनिंगमधला आहे. वॅग्नर १८७, विल्हेल्म १४७, हॉफमन १४१, ब्रूस सटर १३६, रिच गॉसेज १२६, रॉली फिंगर्स १२०. केवळ दर पाहिला तर वॅग्नर दुसरा येईल, पण विल्हेल्मच्या इनिंग २,२५४ आहेत, म्हणजे वॅग्नरच्या जवळजवळ अडीचपट. इतका काळ ती पातळी टिकवणे मला अधिक मोलाचे वाटते, म्हणून माझ्या यादीत दुसरा विल्हेल्म आणि तिसरा वॅग्नर.

नकलबॉल

विल्हेल्मचे नाव निघाले म्हणून थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्याची कारकीर्द आकड्यांपेक्षाही विलक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धात बल्जच्या लढाईत तो जखमी झाला होता. मेजर लीगमध्ये तो १९५२ साली आला, तेव्हा तिशीला टेकला होता. त्याच वर्षी त्याने नॅशनल लीगमध्ये सर्वांत कमी ईआरए राखला, आणि तोही एकदाही सामना सुरू न करता. त्यानंतर तो १९७२ पर्यंत खेळत राहिला. १९६४ ते १९६८ या सलग पाच हंगामांत त्याचा ईआरए दोनच्या खाली होता, आणि तेव्हा त्याचे वय चाळिशीपलीकडे गेलेले होते. तो काळ पिचरांना अनुकूल होता हे मान्य आहे, तरीही या वयात सलग पाच वर्षे असे काही करणारा दुसरा रिलीव्हर मला आठवत नाही.

त्याचे सारे यश नकलबॉलवर उभे होते. हा चेंडू बोटांच्या टोकांनी, जवळजवळ फिरकी न देता सोडला जातो, आणि म्हणून हवेतून जाताना तो कोणत्या बाजूला वळेल हे फलंदाजालाच काय, कॅचरलाही कळत नाही. कॅचरांच्या हातून इतके चेंडू निसटू लागले की १९६० मध्ये बाल्टिमोरचे व्यवस्थापक पॉल रिचर्ड्स यांनी खास त्याच्यासाठी अवाढव्य आकाराचा मिट (कॅचरचा हातमोजा) तयार करून घेतला. पुढे नियमानेच मिटच्या आकारावर मर्यादा घातली गेली. या चेंडूला ताकद फारशी लागत नसल्यामुळे खांद्यावर ताण कमी येतो, आणि त्याच्या १,०७० सामन्यांचे रहस्य बहुधा त्यातच आहे.

एक गोष्ट मात्र आकडेबहाद्दर यांनी लक्षात घ्यावी. विल्हेल्मच्या सगळ्याच इनिंग रिलीफमधल्या नाहीत. त्याने ५२ सामने सुरू केले, १९५८ मध्ये यँकीजविरुद्ध नो-हिटर (एकही हिट न देता संपवलेला सामना) टाकला तोही स्टार्टर म्हणूनच, आणि १९५९ चा अमेरिकन लीगचा ईआरएचा किताबही त्याने मुख्यतः स्टार्टर म्हणून मिळवला. तो भाग वजा केला तरी माझ्या दृष्टीने तो दुसराच राहतो, पण वजाबाकी करायला हवी.

लांबपल्ला

आकडेबहाद्दर यांनी रिच ‘गूस’ गॉसेजला १२६ या एका आकड्यात गुंडाळून टाकले आहे, हे मला पटत नाही. ईआरए हा रिलीव्हरच्या बाबतीत फसवा असतो. आधीच्या पिचरने बेसवर सोडलेले धावपटू रिलीव्हरच्या चेंडूवर धाव पूर्ण करून घरी पोहोचले, तर त्या धावा आधीच्याच पिचरच्या नावावर चढतात. म्हणजे रिलीव्हर कसोटीच्या क्षणी अपयशी ठरला तरी त्याचा ईआरए स्वच्छ राहतो, आणि त्याने ते धावपटू जागच्या जागी रोखले तरी ईआरएमध्ये त्याचे श्रेय दिसत नाही. आजचा क्लोजर (सामना संपवायला येणारा रिलीव्हर) बहुतेक वेळा नवव्या इनिंगच्या आरंभी, रिकाम्या बेसवर येतो. गॉसेजच्या पिढीला मात्र सातव्या किंवा आठव्या इनिंगमध्ये, आग लागलेली असताना बोलावले जाई.

१९७५ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सकडून त्याने जवळजवळ १४२ इनिंग टाकल्या आणि ईआरए १.८४ राखला, १९७८ मध्ये यँकीजकडून पुन्हा १३४. रिव्हेराने क्लोजर झाल्यावर कोणत्याही एका हंगामात ८१ इनिंगही पूर्ण केल्या नाहीत. १९७८ च्या बोस्टनविरुद्धच्या निर्णायक सामन्यात गॉसेज सातव्या इनिंगमध्ये आला. त्याने दोन धावा दिल्या, आघाडी एकावर आली, आणि शेवटी दोन धावपटू बेसवर असताना त्याने कार्ल यास्त्रझेम्स्कीला तिसऱ्या बेसकडे उंच झेल द्यायला लावून सामना संपवला. त्याच्या खात्यात त्या दिवसाचा आकडा देखणा नाही. मात्र आठ बळी मिळवण्याचे काम एकट्याने केले, आणि असे काम आज एखादा संघ तीन पिचरांत वाटून देतो.

म्हणून माझा क्रम: रिव्हेरा, गॉसेज, विल्हेल्म. त्याच न्यायाने रॉली फिंगर्सही (१,७०१ इनिंग, ओकलंडची १९७२ ते १९७४ ही सलग तीन विजेतेपदे, १९८१ मध्ये साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचर, आणि एमव्हीपी, म्हणजे सर्वांत मौल्यवान खेळाडू, हे दोन्ही पुरस्कार) वॅग्नरच्या वर यायला हवा. माइक मार्शलने १९७४ मध्ये डॉजर्सकडून १०६ सामन्यांत २०८ इनिंग टाकून साय यंग पटकावला आणि तो मान मिळवणारा पहिला रिलीव्हर ठरला. हे एकच वर्ष पाहायचे तर माझ्या मते ते सर्वांत मोठे वर्ष आहे. मात्र सर्वकालीन यादीत त्याला फार वर नेता येणार नाही.

कॅचरच्या_मागून

लांबपल्ला यांचा ईआरएवरील आक्षेप योग्य आहे, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष मला अन्यायकारक वाटतो. किती इनिंग टाकायच्या हे पिचर ठरवत नाही, व्यवस्थापक ठरवतो. ओकलंडमध्ये टोनी ला रूसा यांनी एकर्सलीला जवळजवळ केवळ नवव्या इनिंगसाठी राखून ठेवले, आणि त्याचे यश पाहून सगळ्या संघांनी तीच पद्धत उचलली. एकर्सलीने त्या चौकटीत काय केले ते पाहा: १९९० मध्ये ७३ इनिंग, ईआरए ०.६१, ४८ सेव्ह, आणि संपूर्ण हंगामात फक्त चार वॉक (चार चुकीचे चेंडू टाकून फलंदाजाला फुकट दिलेला पहिला बेस). १९९२ मध्ये साय यंग आणि एमव्हीपी एकाच वर्षी. १९८८ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (हंगामाच्या अंतिम मालिकेत) कर्क गिब्सनने त्याला मारलेला होम रन सर्वांना आठवतो, पण त्याआधीच्या लीग मालिकेत चार सामन्यांत चार सेव्ह घेऊन मालिकेचा मानकरी तोच ठरला होता, हे फारसे कोणी सांगत नाही. त्याचे १९७७ चे नो-हिटर आणि १९७८ चे वीस विजय मी या यादीत धरणार नाही. फक्त रिलीफच्या वर्षांवरही तो पहिल्या सहांत येतो.

‘थोड्या इनिंग म्हणून सोपे काम’ या युक्तिवादाला सर्वांत चांगले उत्तर खुद्द रिव्हेराच आहे. पोस्टसीझनमध्ये (नियमित हंगामानंतरच्या विजेतेपदाच्या सामन्यांत) व्यवस्थापकांनी त्याला वारंवार आठव्या इनिंगमध्येच आणले. तेथे त्याने १४१ इनिंग टाकल्या, ४२ सेव्ह घेतले, ईआरए ०.७० राखला, आणि त्या सगळ्यात मिळून दोनच होम रन दिले: १९९७ मध्ये सँडी अलोमार ज्युनिअरला आणि २००० मध्ये जे पेटनला. २००१ च्या वर्ल्ड सिरीजची सातवी लढत त्याने अ‍ॅरिझोनाविरुद्ध गमावली आणि २००४ मध्ये बोस्टनविरुद्ध आघाडी निसटली, तरी हे आकडे कायम आहेत. मुख्यतः एका कटरच्या (शेवटी किंचित बाजूला वळणाऱ्या वेगवान चेंडूच्या) बळावर, आणि तोही सगळ्या फलंदाजांना आधीपासून ठाऊक असताना.

वॅग्नरच्या बाबतीत नेमका इथेच माझा हात आखडतो. पोस्टसीझनमध्ये त्याचा ईआरए दहाच्या वर आहे. बारा इनिंगही नाहीत, म्हणून त्यावरून शिक्षा करू नये हे खरे. पण बाकी सगळे समसमान असेल तेव्हा तो भाग तराजूत पडतोच.

नववी_इनिंग

सर्वांचे आभार. वजाबाकी करूनही विल्हेल्म दुसरा आणि गॉसेज तिसरा, असे मी तूर्त ठरवतो आहे. चौथ्या जागेसाठी वॅग्नर आणि हॉफमन यांच्यात निवड होत नाही. हॉफमनने चेंजअपवर (फसव्या संथ चेंडूवर) १,०८९ इनिंग काढल्या आणि सेव्हच्या संधींपैकी सुमारे ८९ टक्के साधल्या. वॅग्नरचे हे प्रमाण सुमारे ८६ टक्के आहे. उलट धावा रोखण्यात वॅग्नर कितीतरी पुढे दिसतो: २.३१ विरुद्ध २.८७. आणखी एक, ब्रूस सटर पहिल्या दहांत हवा की नको?

आकडेबहाद्दर

वॅग्नर. संधी साधण्याच्या टक्केवारीत आघाडी तीन धावांची होती की एका धावेची, हे दिसत नाही, त्यामुळे तीन टक्क्यांच्या फरकाला मी फारसे महत्त्व देणार नाही. १८६ इनिंगच्या फरकासाठी एवढी मोठी गुणवत्ता सोडून देणेही मला जमणार नाही. २०१० मध्ये अटलांटाकडून ईआरए १.४३ असताना तो स्वतःहून निवृत्त झाला. आणखी दोन सामान्य हंगाम खेळला असता तर इनिंग वाढल्या असत्या, पिचर म्हणून तो मोठा झाला नसता.

सटरविषयी मात्र सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते डॅन क्विझेनबेरीला सोबत घेतल्याशिवाय सांगता येत नाही. सटरने स्प्लिट-फिंगर फास्टबॉल (दोन बोटे फाकवून धरलेला, फलंदाजापाशी खाली बुडणारा चेंडू) लोकप्रिय केला, १९७९ मध्ये साय यंग जिंकला, १,०४२ इनिंगमध्ये ३०० सेव्ह आणि २.८३ ईआरए मिळवला, आणि एकही सामना सुरू न करता हॉल ऑफ फेममध्ये गेलेला तो पहिला पिचर. कॅन्सस सिटीचा क्विझेनबेरी साधारण त्याच काळातला, जमिनीलगत हात नेऊन चेंडू सोडणारा. इनिंग १,०४३, ईआरए २.७६, ईआरए प्लस १४६, अमेरिकन लीगमध्ये पाच वेळा सर्वाधिक सेव्ह. त्याच्याकडे स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर फलंदाजाला बाद करणे) फारसे नव्हते, पण तो वॉक देत नसे आणि फलंदाजांना चेंडू जमिनीवरच मारायला लावत असे. १९९६ मध्ये पहिल्याच मतदानात पाच टक्के मतेही न मिळाल्याने तो यादीतून बाद झाला. सटरला दहावी जागा देणार असाल तर नववी क्विझेनबेरीला द्यावी लागेल.