रानकुत्री 'खुनशी' म्हणे! (आफ्रिकेतली)

रानवाटा: काल एकाने बोत्स्वानातल्या ओकावांगोचा व्हिडिओ टाकला, रानकुत्री इम्पाला (तिकडचं हरीण) फाडतायत तो, आणि वर शेरा, "असली खुनशी जमात संपली तरी कुणाचं काय अडतंय". तिथे चार ओळींत भागेना म्हणून वेगळा धागा. अहो सगळी मिळून साडेसहा हजारांच्या आसपास उरलीत, त्यातही पिल्लं घालणारी 1400 च्या आतबाहेर. र्‍होडेशियात (आताचं झिंबाब्वे) उपद्रवी ठरवून बंदुकीने उडवली, ती याच 'खुनशी' शब्दाच्या जोरावर. आणि शिकार झाल्यावर आधी कोण खातं? पिल्लं! मोठे बाजूला उभे. सिंहाकडे बघा, आयाळवाला आधी ताव मारणार आणि बछडी हाडं चाटणार, पण तो मात्र राजा.

स्पष्ट_बोलतो: व्हिडिओ मीच टाकला होता. जिवंतपणी पोट फाडतात हे खोटं आहे का? पिल्लांना आधी जेवू घातलं म्हणून संत झाले?

गाबोरोनकर: मी इकडे बोत्स्वानात 11 वर्षं आहे, मोरेमी अभयारण्यात चारदा गेलोय. एकदा एक लंगडी मादी बघितली, शिकारीला जाणं शक्यच नव्हतं, बाकीचे खाऊन आले आणि तिच्यापुढे मांस ओकले. किळस आली, पण आमच्या घरात आजीला दोन वेळचं ताट कोणी द्यायचं यावरून काय काय झालंय ते आठवून गप्प बसलो. बाकी फाडतात म्हणाल तर इम्पाला दोनेक मिनिटांत संपतं, सिंह म्हशीला अर्धा अर्धा तास लोळवतात.

कुलकर्णी_काका: 10 पैकी 8 शिकारी यशस्वी, वाघालाही जमत नाही!

रानवाटा: काका, हा आकडा सगळीकडे फिरतो, पण ओकावांगोतच कॉलर लावून मोजलं तेव्हा एकेका पाठलागात जेमतेम 15-16 टक्के यश निघालं. मिळेल ते वाटून खातात म्हणून निभतं. बरं, निघायचं की नाही हे शिंकून ठरवतात, 2017 सालचा अभ्यास आहे. म्होरक्याने उठवलं तर तीनेक शिंका पुरतात, दुसर्‍या कुणी उठवलं तर दहाएक लागतात.

कुलकर्णी_काका: आमच्याकडे कुठे निघताना एक शिंकला तरी चप्पल काढून पाणी प्यायला लावायची आई.

गाबोरोनकर: खरा धोका गावकुत्र्यांचा आहे. त्यांच्याकडून लागणारे रेबीज, डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा साथीचा रोग). 2017 ला केनियात लायकिपियाची टोळकीच्या टोळकी डिस्टेंपरने गेली. गावकुत्री आवरा, बाकी भाषणं नंतर.

स्पष्ट_बोलतो: आता मुद्द्यावर आलात! आमच्या सोसायटीत रोज संध्याकाळी बिस्किटं टाकणार्‍या एक बाई आहेत, त्यातला एक कुत्रा माझ्या मुलीला पिंडरीला चावला, पाच इंजेक्शनं, आणि बाई म्हणतात मुलीनेच डिवचलं असेल.

भू_भू_आई: खाऊ घालतो आम्ही, पकडून लस टोचतो आम्ही, नसबंदीला रिक्षाने नेतो आम्ही, स्वतःच्या खर्चाने. तुम्ही काय करता, व्हिडिओ टाकता?

स्पष्ट_बोलतो: मग चावल्यावर गायब का होता? कुत्र्याला लस टोचली होती तर कार्ड दाखवा म्हटलं, नाही दाखवलं.

भू_भू_आई: ती बाई मी नाही!! सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

झाडीपट्टी: शहरातल्यांचं चालू द्या. ताडोब्याच्या बाजूला आमच्या दोन शेळ्या कोळसुंद्यांनी (आपल्याकडची रानकुत्री) नेल्या, पंचनाम्याला माणूस आला आठव्या दिवशी, तोवर शिंगंही नव्हती उरली. बोत्स्वानातला गुरंवाला गोळी घालतो तर मला तो वाईट वाटत नाही, सॉरी.

रानवाटा: कोळसुंदा वेगळा प्राणी आहे, त्याला पुढच्या पायाला पाच बोटं, आफ्रिकेतल्याला चार.

झाडीपट्टी: शेळीला बोटं मोजायला सांगतो पुढच्या वेळी.

रानवाटा: ...बरं, हे बरोबर. नुकसानीचे पैसे वेळेत मिळाल्याशिवाय कुणाला प्रेम शिकवू नये. तिकडे एक टोळी शेकडो चौरस किलोमीटर फिरते, अभयारण्याबाहेर पडणारच, आणि बाहेर गुरं आणि तारेचे फास. फास लावतात हरणासाठी, अडकतात ही.

भू_भू_आई: टांझानियातल्या सेरेंगेटीत 1994 ला हजारेक सिंह डिस्टेंपरने मेले, मग गावातल्या कुत्र्यांना लस द्यायला सुरुवात झाली. लस. गोळी नव्हे.

स्पष्ट_बोलतो: ठीक, 'खुनशी' मागे घेतो, 'जेवताना असभ्य' लिहितो, खूश? लसीचं मान्य. बिस्किटांचं नाही.

भू_भू_आई: बिस्किटं दाखवल्याशिवाय पकडून दाखवा एक तरी. रविवारी सकाळी 7 ला येते, जाळी घेऊन या.