विज्ञानकथा-अद्भुतकथावाल्यांनो, बाकीचं काय वाचता?

नमस्कार मंडळी. मागच्या रविवारी भाचा घरी आला होता. पुस्तकांच्या कपाटासमोर उभा राहून म्हणाला, "मावशी, तू तर सायफायवाली ना? मग हे 'स्मृतिचित्रे' इथे कुणाचं?" माझंच, म्हटलं, आणि तिसऱ्यांदा वाचतेय. शाकाहारी बाईच्या डब्यात सुकट सापडावी तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. ज्यांना विज्ञानकथेचं, अद्भुतकथेचं वेड आहे ते बाकीचं वाचतात का? वाचत असतील तर तिथवर पोचले कसे? माझा अंदाज असा की मराठीत नुसत्या विज्ञानकथांवर राहायचं ठरवलं तर माणूस उपाशी राहील. नारळीकर, फोंडके, लोंढे, घाटे, जावडेकर ही नावं एका दमात घेऊन होतात, आणखी एका दमात उरलेली. मग भूक वळतेच दुसरीकडे. पण हा झाला माझा अंदाज. तुम्ही तुमचं लिहा. शिफारशींची यादी नको, कुठून निघून कुठे पोचलात ते सांगा.

पुणे, बँकेतून निवृत्त

माझं सगळं 'गंगाधरपंतांचे पानिपत'पासून बिघडलं. ज्यांनी नारळीकरांची ही कथा वाचली नसेल त्यांच्यासाठी: इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका भलत्याच मुंबईत जाऊन पडतात. तिथे मराठे पानिपत जिंकलेले आहेत आणि मुंबईत अजून ईस्ट इंडिया कंपनी नांदतेय. बिचारे एशियाटिकच्या ग्रंथालयात बसून हा फाटा नेमका कुठे फुटला ते शोधतात. तो सापडतो भाऊसाहेबांच्या बखरीत. विश्वासरावांना लागायची ती गोळी कानाजवळून निघून गेलेली. तिळाएवढा फरक.

मी तेव्हा विज्ञानकथेखेरीज कशाला हात लावत नव्हतो. इतिहास म्हणजे सनावळ्या, हे शाळेनं पक्कं करून सोडलेलं. पण त्या रात्री झोप लागेना. कथेतली बखर बनावट, मग खरी काय म्हणते? आणली. भाषा अडली, ठेचकाळत वाचली. ऑफिसातले एक साहेब म्हणाले, बखरीवर विसंबू नका, शेजवलकर वाचा. त्यांचं 'पानिपत : १७६१' मी अक्षरशः भांडत वाचलं, समासात शिसपेन्सिलीनं प्रश्न लिहीत. (पुस्तक माझं होतं, ग्रंथालयाचं नव्हे. खाली ग्रंथालयवाले येतीलच.) वाचता वाचता लक्षात आलं की १४ जानेवारीच्या त्या दिवशी गोळी चुकली असती तरी छावणीतला दाणागोटा संपलेला तो संपलेलाच. उपाशी फौज लढायला बाहेर पडली होती. हे कथेतल्या तिळापुढे मला जास्त भयंकर वाटलं.

मग पत्रव्यवहार, मग नकाशे, मग विश्वास पाटलांची कादंबरी, तिच्यावर पुन्हा वाद. आज विज्ञानकथांच्या दोन फळ्या आहेत, पानिपताच्या तीन. आमची ही म्हणते, "तुम्ही निघालात नारळीकरांकडे आणि राहिलात पानिपतावरच."

नागपूर, स्पर्धा परीक्षावाली

मी फक्त फँटसी वाचते. फक्त. दिवसभर राज्यघटना, पंचवार्षिक योजना आणि गोदावरीच्या उपनद्या. रात्री अकराला रूमवर आल्यावर कुणी वास्तववादी कादंबरी हातात दिली तर मी ती फेकून मारेन. वास्तव मेसच्या डब्यात येतं रोज, पातळ वरणासकट. मला ड्रॅगन पाहिजे. "पुढे चांगलं वाचायला लागशील हो" म्हणणाऱ्या काकालोकांना आधीच नमस्कार.

तालुक्याचं वाचनालय, देवघेव विभाग

खाली आलोच! समासात पेन्सिल चालवणाऱ्यांना आमच्याकडे दंड आहे.

आमच्याकडे आधी जे होते त्यांनी नारळीकरांचा कथासंग्रह 'यक्षांची देणगी' ५२० क्रमांकात, म्हणजे खगोलशास्त्रात लावलं होतं. लेखक खगोलशास्त्रज्ञ, मग पुस्तकही तसंच असणार! त्यामुळे कथा शोधणाऱ्याला ते सापडायचं नाही आणि अभ्यासाला नेणारा पोरगा दुसऱ्या दिवशी परत आणायचा. मी ते ८९१.४६ खाली, मराठी साहित्यात आणलं आणि 'आकाशाशी जडले नाते' ५२० मध्ये राहू दिलं. गंमत म्हणजे पूर्वीच्या चुकीनं एक सभासद तयार झाला होता. तो कथा म्हणून आला, शेजारची दुर्बिणीवरची पुस्तकं घेऊन गेला, आणि आता कथा वाचतच नाही.

धारपांचं तर काय करावं कळत नाही. 'नेनचिम' विज्ञानकथेत, 'लुचाई' भयकथेत, आणि माणूस एकच. मी सगळे धारप एकत्र ठेवतो. त्यांचे वाचक इकडून तिकडे सहज जातात. मतकरींच्या गूढकथाही नेतात, पण त्याच मतकरींचं 'आरण्यक' पुढे केलं की "नाटक नको" म्हणतात. लेखकावरचा विश्वास प्रकार बदलला की संपतो, असं निदान आमच्या खिडकीतून दिसतं. बायका याला अपवाद. त्या एक लेखक धरला की यादी संपवतात.

एकदा एका गृहस्थांनी येऊन विचारलं, "नारायण विनायक जगतापांचं काही आहे?" मी रजिस्टर उघडलं. ते हसायला लागले. नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' याच नावानं पाठवली होती, आद्याक्षरं उलटी करून. कथेला बक्षीस मिळालं. मला मात्र त्या दिवसापासून तीन जण 'जगताप' म्हणतात.

एडिसन, न्यू जर्सी

पुण्याच्या काकांना: विज्ञानकथाकार असिमोव्ह तुमच्या उलट दिशेनं आला होता. 'फाउंडेशन'ची कल्पना त्याला गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासावरून सुचली. म्हणजे तुम्ही योग्य माणसाच्या चुकीच्या बाजूला आहात.

बेळगाव

रुमाल टाकून ठेवला होता, आता लिहितो.

कॉलेजात इंग्रजी फँटसीचे जाडजूड खंड वाचायचो. मराठीत असलं काही नाही असं ठामपणे सांगायचो, न वाचता. एका मित्रानं जी. ए. कुलकर्णींचं 'रमलखुणा' हातात दिलं, म्हणाला, यातली 'इस्किलार' वाच आणि मग बोल. वाचली. नकाशात नसलेला प्रदेश, भविष्य, शाप, प्रवास, सगळं आहे, आणि तरी शेवटी आपण जिंकलो असं कुणालाच वाटत नाही. असलं काही मला त्या खंडांनी दिलं नव्हतं.

मग हावरटासारखा 'निळासावळा' आणला, आणखी इस्किलार मिळतील म्हणून. तिथे निघाली आमच्याच भागातली घरं. ओल आलेल्या भिंती, कर्ज, आजारपण, न लागलेली लग्नं. जीए इथलेच, आयुष्य धारवाडला इंग्रजी शिकवण्यात गेलं, हे मला तेव्हा ठाऊकही नव्हतं. पहिल्या दोन कथांना फसवणूक झाल्यासारखं वाटलं. तिसरीला कळलं की शापाची कथा आहे तीच आहे, फक्त राजा काढून कारकून बसवलाय. त्यानंतर मी 'वास्तववादी' हा शब्द शिवीसारखा वापरणं सोडलं. नागपूरताई, हे तुमच्यासाठी नाही. तुम्ही ड्रॅगनच वाचा, परीक्षा आहे.

एक भौतिकशास्त्र शिक्षिका

विज्ञानकथेत चुका काढत बसते, म्हणून कविता वाचते. मर्ढेकरांची आकडेमोड तपासावी लागत नाही.

बंगळूरु

माझा रस्ता 'अरेबियन नाइट्स'मधून जातो. लहानपणी आजोबांकडे चिपळूणकरी वळणाची सुरस आणि चमत्कारिक आवृत्ती होती. मोठी झाल्यावर कळलं की गौरी देशपांडेंनी बर्टनच्या इंग्रजी भाषांतरावरून १६ खंड मराठीत आणलेत, कापाकापी न करता. ते वाचताना अनुवादिकेचीच गोडी लागली आणि मी 'एकेक पान गळावया'कडे गेले. जिन्न नाही, जादू नाही, एकेक बाई आणि तिचा हट्ट.

दुसरीकडे अर्सुला ल ग्विन वाचत होते. 'लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'मध्ये एक परका माणूस बर्फाळ ग्रहावर जातो आणि तिथल्या लोकांना ठरावीक लिंगच नसतं म्हणून गोंधळून जातो. लेखिकेचे वडील मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर. आणि गौरीबाईंच्या आई? इरावती कर्वे, त्याही मानववंशशास्त्रज्ञ. यावरून सिद्धांत मांडणार नाही, पण त्याच आठवड्यात 'युगान्त' आणलं. महाभारताकडे इरावतीबाई अगदी त्या बर्फाळ ग्रहावरच्या पाहुण्यासारख्या बघतात: ही माणसं कोण, यांचं नातं काय, हे असं का वागतात? माझ्या कपाटात ही तिन्ही आता एकाच फळीवर आहेत. देवघेववाल्यांना क्रमांक सुचत असेल तर सांगा.

जालना

तुमच्या सगळ्यांकडे निवड होती असं दिसतंय. आमच्याकडे रद्दीचं दुकान होतं. वडील किलोवर जुने दिवाळी अंक आणायचे, 'नवल', 'धनंजय', 'हंस', जे मिळेल ते. निम्म्यांची मुखपृष्ठं गेलेली, काहींची शेवटची पानं. एक कथा होती, चंद्रावर अडकलेल्या दोघांची, प्राणवायू एकाला पुरेल इतकाच, आणि नेमकं तिथे पान फाटलेलं. पुढचं जे पान होतं ते कोकणातल्या एका म्हातारीच्या घराच्या वाटणीचं. मी ते वाचत गेलो, वाटलं हिच्यातून चंद्रावर परत जाता येईल. गेलो नाही. पण वाटणीचं काय झालं ते अजून आठवतं.

ती चंद्रावरची कथा कुणी वाचली आहे का? लेखक माहीत नाही, अंक माहीत नाही. एकाचं आडनाव बहुतेक कामत होतं.

नागपूर, स्पर्धा परीक्षावाली

जालना दादा, कामत वाचला असं समजा. आणि पुण्याचे काका, १७६१ वर प्रश्न येतो आम्हाला. शेजवलकर किती पानांचे आहेत?